उच्छ्वास

वाळवंटातल्या गुहा बाईंनी पाहिल्या, तेव्हा त्या एकोणतीसच्या होत्या.
वर वर्षाला बोटभर पाऊस नाही
आणि खाली दोनशे फुटांवर पाणी अजून
थेंबाथेंबानं चुनखडीशी बोलतंय,
असं सांगताना स्लाइड प्रोजेक्टरची खटखट.
बी.एस्सी. दुसरं वर्ष, खोली क्रमांक अकरा.
मागच्या बाकावर आम्ही भूमिगत हसत होतो.

"एका पेराला हजार वर्षं," त्या म्हणाल्या,
करंगळी वर धरून.
मला ते पेर आठवतं. गुहा नाही.

आता त्या त्र्याऐंशीच्या. बिबवेवाडी, चौथा मजला,
लिफ्ट महिन्यातून दहा दिवस चालते,
गुडघे त्यांच्या भाषेत "अवसादी खडक".
टँकरच्या पाण्यानं किटलीत पांढरा थर चढतो,
शेवंताला तो खरवडू देत नाहीत:
"राहू दे गं. तेवढीच एक गुहा घरात."
मागल्या वर्षी मुतखडा पडला
तर डबीत ठेवून वर चिठ्ठी,
तारीख, ठिकाण, नमुना क्रमांक एक.

मी कात्रजच्या जुन्या नळाची मोजणी करते.
पेशवाईतलं पाणी दगडी बोगद्यातून शहरात यायचं,
वाटेत जिथे जिथे ते वर तोंड काढायचं
त्या भोकाला म्हणायचे उच्छ्वास.
एक दुकानाच्या पायरीखाली आहे, एक पार्किंगमध्ये,
आणि एकावर कुणी तुळस लावली आहे.

सोपान खुडे झाकण सरकवतो.
पाणीपुरवठ्यातला माणूस, निवृत्तीला आठ महिने.
उतरण्याआधी तंबाखू मळतो,
नखावर चुन्याचा ठिपका घेतो,
म्हणतो, "बॅटरी दातात धरा मॅडम, हात मोकळे ठेवा."

खाली थंड.
वरून रिक्षा गेली की कमानीतून माती झरते
आणि नंतर बराच वेळ काहीच नाही.
वाकून चालताना स्वतःचा श्वास
पुढे कुणीतरी चाललंय तसा ऐकू येतो.

तिसऱ्या कमानीत दगडांच्या सांध्यात,
जिथे कुणा गवंड्यानं घाणीतला चुना दाबून भरला असेल,
तिथून लोंबत होती
काडीएवढी, पोकळ, पांढरी नळी.
टोकाला थेंब. पडू की नको करणारा.

मी करंगळी शेजारी धरली. दीड पेर.
सोपान म्हणाला, "तोडून देऊ?"
"नको नको," मी ओरडलेच,
आणि वळताना
माझ्याच पाठीवरच्या सॅकचा बंद लागला.

आवाजसुद्धा झाला नाही.
सोपाननं बॅटरी दुसरीकडे वळवली,
म्हणजे माझं तोंड दिसू नये.

थेंब मात्र त्याच जागी पडत राहिला.
मी फोन काढून तो टिपला.

बाईंनी पंखा बंद करायला लावला,
शेवंताला भांडी थांबवायला सांगितलं.
टप्.
डोळे मिटून ओठांनी मोजत होत्या.
टप्.
"सतरा सेकंद. तिकडे एका थेंबासाठी
मी बावीस मिनिटं उभी राहिले, बस चुकली.
पुढे अकरा मैल, उन्हातून, पायी.
हे कुणाला सांगितलं नव्हतं."

मग: "केवढी आहे?"
"दीड पेर."
"पावणेतीनशे वर्षांत?" त्या हसल्या.
"माझं पेर चुकलं म्हणायचं.
पण हा भाजलेला चुना बाळ, भट्टीतून आलेला.
त्याला परत दगड व्हायची घाई असते."

रेकॉर्डिंगमध्ये मधेच सोपान खोकतो.
"हा कोण?"
"पाणीपुरवठ्यातला."
"त्याला म्हणावं, हात लावू नकोस."

"सांगते," मी म्हटलं.
पर्स मांडीवर होती, पर्समध्ये रुमाल,
मी ती हळूच खाली ठेवली,
आपटू नये म्हणून.

"पुढच्या वर्षी पुन्हा मोज," त्या म्हणाल्या,
"मला सांग किती वाढली.
आता परत लाव."
टप्.